भोंडल्याच्या गाण्यातले कारले आणि रोजचे ताट

लोकगीतांतल्या भाज्या-फळांचा रोजच्या आहाराशी संबंध आहे का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते तो घट्ट आहे. भोंडल्यात माहेरी जाऊ पाहणाऱ्या सुनेला सासू कारल्याचे बी पेरायला सांगते आणि मग वेल, फूल, कारले, भाजी अशा एकेका टप्प्याने तिचे जाणे लांबवत नेते. त्या कडूपणात सासुरवास आहे, तशीच परसातल्या भाजीची पक्की ओळखही आहे. ऋषिपंचमीची भाजी याहून बोलकी आहे, कारण बैलाच्या श्रमाचे काही न खाण्याच्या नेमामुळे अळू, माठ, भोपळा, सुरण असे पावसाळी जिन्नस एकाच पातेल्यात, अगदी कमी मसाल्यात शिजतात. गणपतीच्या दिवसांत दादरच्या बाजारात या भाज्या अवश्य पाहाव्यात.