उजवं पान कोरं

मी समुपदेशक. जुलै सरता सरता माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न यायला लागतो. कधी मुलं विचारतात, जास्त करून आईबाप. "गाण्यात एम.ए. करायला पुण्याला पाठवलं. हौसेनं गेली, प्रवेशाच्या चाचणीत चांगली गायली, आणि आता दीड महिन्यात म्हणते गाणंच नको. परत आणू का?" तबला-सतारीच्या मुलांचंही असंच होतं, पण गळ्याचं आधी कळतं. तो बसतो.

घरची आठवण येत असेल, रुळेल हळूहळू, असं मी बरीच वर्षं सांगत आले. मुक्तानं माझं ते उत्तर मोडीत काढलं. (नाव बदललंय, घरचे काही तपशील फिरवलेत, आणि लिहायची परवानगी तिची आहे.)

मुक्ता जालन्याकडची. बी.कॉम. झालेली, त्याच्या जोडीनं गाण्यातली विशारद परीक्षा दिलेली. पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसली आणि जवळपास कुजबुजत म्हणाली, "मॅडम, माझं गाणं गेलं."

पहिल्या भेटीत विचारायचं ते मी सगळं विचारलं. झोप, जेवण, वर्गातली हजेरी. जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारलं. ते आडून विचारायचं नसतं. ती म्हणाली, "नाही हो मॅडम. जीव हवाय, गळा नाही राहिला." (उत्तर वेगळं आलं असतं तर मी तिला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले असते. रात्री-अपरात्री कुणावर अशी वेळ आली तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.)

मग मी माझं नेहमीचं हत्यार काढलं. तिला दीर्घ श्वास शिकवला. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. तिनं निमूटपणे केलं आणि झाल्यावर अदबीनं विचारलं, "अजून लांब सोडू का?" आठव्या वर्षापासून पहाटे उठून खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, लावणारी मुलगी ही. तिला मी श्वास सोडायला शिकवत होते! आजही आठवलं की हसू येतं आणि थोडी लाजही वाटते.

दुसऱ्या भेटीला येताना तुझा रियाज कसा चालायचा ते दाखव, असं सांगितलं होतं. तिनं पिशवीतून लाल कापडी बांधणीची लांबट चोपडी काढली. वडिलांचं किराणा दुकान, तिथलीच. हिशेबाची पोरगी, त्यामुळे मांडणीही जमाखर्चासारखी. डाव्या पानावर काय केलं: 'खर्ज 40 मि., भूप पलटे 1 ते 6 प्रत्येकी 50, विलंबित एकताल स्थायी-अंतरा.' उजव्या पानावर तिचे गावाकडचे गाण्याचे गुरुजी काय म्हणाले ते, दोनचार शब्दांत. 'गंधारावर घाई.' 'अंतऱ्याला श्वास कुठे मोडतेस ते बघ.' 'उद्या हेच.' आणि मधूनच एखाद्या पानावर 'आज बरं.'

"मॅडम, हे 'आज बरं' चार वर्षांत अकरा वेळा आलंय," ती म्हणाली. मोजून ठेवलं होतं.

19 जुलैनंतर तारखा होत्या, डावीकडे कुठेकुठे एखादी ओळ होती. उजवं पान सगळं कोरं.

पण त्या कोऱ्या पानाच्या आधी जागेचं बोलायला हवं, कारण समुपदेशक मंडळी (मी धरून) मनाचं बोलायला इतकी उतावळी असतात की भिंती, दारं, कुलपं दिसतच नाहीत. मुक्ता सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन, राहत होती. खोलीत आणखी दोघी, दोघीही एमपीएससीवाल्या. रात्री उशिरा अभ्यासिकेतून येणार, सकाळी आठपर्यंत झोपणार. गावाकडे पहाटे पाचला माळ्यावर बसून तंबोरा लावणारी ही मुलगी इथं बाथरूममध्ये, फोनवरचा तानपुरा एका कानात घालून, तोंडातल्या तोंडात गात होती. महिनाभर. गळा दाबून, दाराकडे लक्ष ठेवून.

गाणं 'गेलं' म्हणजे काय झालं असेल, याचा निम्मा उलगडा तिथेच झाला. तिला मी आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. स्वरतंतूंना थोडी सूज होती, गाठ नव्हती. काही दिवस गाणं बंद, बोलणं कमी, पाणी भरपूर, आणि कुजबुजायचं मुळीच नाही, कारण कुजबुजण्यानं गळ्याला आराम मिळत नाही, उलट ताण पडतो. गाणाऱ्या मुलांच्या घरच्यांना एवढं सांगते: आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर समुपदेशकाच्या आधी तो डॉक्टर गाठा. हळद-दूध चालू ठेवायला हरकत नाही, पण डॉक्टर गाठा.

"विभागात खोल्या नाहीत का?" मी विचारलं.

"आहेत की. पण शिपाईमामा साडेनऊला उघडतात."

"किल्ली मागितलीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मागितली तर चालते?"

त्या तीन शब्दांवर मी नंतर बरेच दिवस विचार केला. गुरुजींच्या घरी तिनं कधी काही मागितलंच नव्हतं. तिथे मागायचं नसतं. कोणता राग, कधी पुढे जायचं, आज गायचं की नुसतं मागे बसून तंबोरा धरायचा, सगळं गुरू ठरवणार. आपण गप्प बसायचं, ऐकायचं, सांगतील तेव्हा तोंड उघडायचं. त्या घरात हाच शहाणपणा, आणि तिच्या अंगी तो पुरेपूर होता. विद्यापीठात नेमकं उलटं असतं. तिथे सगळं असतं आणि मागितल्याशिवाय काही हाती येत नाही. साथीला तबलजी हवा तर वेळ लावून घ्यायची. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची तर ग्रंथालयात चिठ्ठी द्यायची. पेपरमधलं कळलं नाही तर तास संपल्यावर सरांना दारात अडवायचं. शहरातली, कॉलेजात मुरलेली मुलं हे सहज करतात. मुक्ताला ते उद्धटपणाचं वाटत होतं. आणि कुणी आपणहून काही देत नाही याचा अर्थ तिनं लावला होता, 'मी त्या लायकीची नाही.'

तिला तक्रार कुणाबद्दल नव्हती, हे विशेष.

अर्ज आम्ही दोघींनी बसून लिहिला. विभागप्रमुखांना, पाच ओळींचा. सकाळी सात ते नऊ एक खोली, किल्लीची जबाबदारी माझी. तीन दिवसांत मंजूर झाला. समुपदेशनाच्या कुठल्या पुस्तकात किल्लीचा अर्ज हे तंत्र म्हणून सापडायचं नाही, पण मुक्ताच्या बाबतीत मी केलेल्या कामात सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच.

खोलीला जोडीदारही मिळाला. कोकणातला एक तबल्याचा मुलगा, त्यालाही जागा नव्हती. त्याला लेहरा (तबल्यामागे सतत फिरवत ठेवायची धून) धरायला कुणी हवं, हिला ठेका. अर्धा तास तिनं पेटीवर लेहरा धरायचा, मग पाऊण तास त्यानं विलंबित एकताल. त्याचा तबला काळी एकचा आणि हिची पट्टी काळी चार, सूरच जुळेनात, म्हणून पहिले दोन दिवस नुसतेच वाया गेले. मग विभागाच्या कपाटातून दुसरा तबला निघाला. तोही मागूनच.

आता ते उजवं पान.

विभागात तिला शिकवणाऱ्या बाई जयपूर-अत्रौली घराण्याच्या. मुक्ताचे गुरुजी ग्वाल्हेर घराण्याचे. ग्वाल्हेरला बंदिश म्हणजे देव. स्थायी-अंतरा नीट मांडल्याशिवाय पुढची गोष्ट नाही. बाईंचा भर आकारावर, म्हणजे 'आ' लावून मोकळ्या गळ्यानं गाण्यावर, आणि पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "तुझा आकार मोकळा नाही, आपण त्यावर काम करू." शिकवणाऱ्या माणसाचं साधं वाक्य. मुक्ताच्या कानात ते शिरलं ते असं: गुरुजींनी चुकीचं शिकवलं, आणि ते सुधारून घेतलं तर मी गुरुजींशी बेईमानी केली. त्या दिवसापासून ती गुरुजींचे फोन टाळत होती. आईला सांगायची, रेंज नव्हती.

हा पेच किती जुना आहे ते मला त्या तबल्याच्या मुलामुळे कळलं. तो तिला सहज म्हणाला होता, मोठे गायक मल्लिकार्जुन मन्सूर आधी मिरजेला नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरच शिकले, आणि मग मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे जयपूरची तालीम घेतली. त्यांना कुणी बेईमान म्हणतं का? मुक्तानं मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, मग पटलं का? "डोक्याला पटलं," ती म्हणाली. पोटाला पटायला वेळ लागतो, त्याला माझाही इलाज नाही.

पण खरी अडचण घराण्याचीही नव्हती. चौदा वर्षं तिचं गाणं रोज एक माणूस ऐकत होता. गंधार लागला की नाही हे ती स्वतःच्या कानानं ठरवतच नव्हती, गुरुजींच्या मानेकडे बघून ठरवत होती. पुण्यात ती मान नाही. बाईंच्या वाट्याला वर्गात नऊ जण, तिचा नंबर आठवड्यातून दोनदा. मधले पाच दिवस कुणीच ऐकत नाही, आणि मग डोक्यात एक आवाज सुरू होतो.

मी म्हटलं, उजवं पान तू लिही. फोनवर रेकॉर्ड कर, पण ऐकायचं दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी ऐकलं की माणूस स्वतःला सोलून काढतो.

पहिल्या आठवड्यात तिनं आणलेलं पान असं होतं: 'घाण.' 'बेसूर.' 'घाण.' 'नको.'

"गुरुजी असं लिहायचे?"

"छे. ते असं कधीच म्हणत नाहीत."

"मग ते काय करतात?"

तिनं थोडा विचार केला. "जागा सांगतात."

"मग तूही जागाच सांग."

त्यानंतरच्या आठवड्यात: 'मुखडा उशिरा उचलला, सम धावत गाठली.' 'निषाद उतरलाय, फक्त वरून येताना.' 'आकार दुसऱ्या आवर्तनानंतर बंद होतो, जबडा.' मला यातलं निम्मं कळत नाही. पण 'घाण'वर काही करता येत नाही आणि जबड्यावर करता येतं, एवढं कळतं. 'आज बरं' लिहायचा अधिकार आपल्याला नाही, असं ती म्हणते. मी वाद घातला नाही.

सगळं काही सुटलं असं नाही. वर्गात बोलायचं म्हटलं की अजूनही तिच्या हाताला घाम येतो. सेमिनारला विषय होता 'संगीतरत्नाकर'. तेराव्या शतकातला हा ग्रंथ लिहिणारा शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादवांच्या पदरी होता, म्हणजे आजच्या दौलताबादेत, जिथे मुक्ता शाळेच्या सहलीला गेली होती. चांदमिनारापाशी उभं राहून डबा खाल्ला होता, पण तिथे एवढा मोठा संगीतग्रंथ झाला हे कुणी सांगितलं नव्हतं. हे सगळं तिनं मला इतकं रंगून सांगितलं की मला वाटलं, झालं, आता जिंकली. प्रत्यक्षात वीस मिनिटांच्या सेमिनारमध्ये ती आठ मिनिटं बोलली, गावाकडच्या "करायलेत" ऐवजी "करत आहेत" म्हणायच्या नादात दोनदा अडखळली, आणि खाली बसली. मार्क बरे मिळाले. वडील अजून दर रविवारी विचारतात, यातून पुढे काय? आईला मात्र मी एक विनंती केली होती, ती तिनं पाळली. फोनवर "कधी येतेस?" विचारायचं नाही, "आज काय गायलीस?" विचारायचं. ट्रॅव्हल्सनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पाठवणं चालूच आहे. एमपीएससीच्या दोघी आता त्या गाडीची वाट मुक्तापेक्षा जास्त बघतात.

गुरुजींना फोन करायला तिनं पाच आठवडे घेतले. त्या फोनची आम्ही दोनदा तालीम केली होती. रडले तर काय, रागावले तर काय, गप्प बसले तर काय. तिनं बाईंचं, आकाराचं सगळं एका दमात सांगून टाकलं. गुरुजी म्हणाले, "आकार होय? बरंय. ग्वाल्हेरला काय आकार नसतो व्हय?" आणि मग विचारलं, ट्रॅव्हल्सचं तिकीट किती झालंय, दिवाळीला येताना आधी काढून ठेव. दोन मिनिटं आणि काही सेकंद. आमच्या तालमीतलं एकही वाक्य लागलं नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिची भेट ठरलेली होती, सकाळी साडेआठची. आठ चाळीसला तिचा फोन आला. मागे कुणीतरी पेटी लावत होतं, कुणी तरी दारावर थापा मारत होतं.

"मॅडम, आज नाही जमणार. किल्ली माझ्याकडंय आणि बाहेर सहा जण थांबलेत."