पथक बंद करू का, मॅडम?

दहीहंडी जवळ आली की लालबाग-परळकडच्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला: पोरगा शाळेत मारामाऱ्या करतोय, गोविंदा पथकात जाऊन अंगात रग आलीय, सराव बंद करू का?

नववीतल्या एका मुलाची आई हेच विचारत माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) त्याने वर्गातल्या मुलाची कॉलर धरून त्याला बाकावर आपटलं होतं. दोघंही एकाच पथकातले. शाळेने माफीपत्रं लिहून घेतली होती. त्याने फाइल मिटते, भांडण नाही.

मी भांडणाचा विषयच काढला नाही. "थरात कुठे असतोस?"

"दुसऱ्या थराला."

"वरचा हलला तर?"

"खांदा नाही सोडायचा. मान खाली. दादा ओरडतात तेवढंच ऐकायचं."

"आणि कोणाचा राग आला तर?"

तो हसला. "तेव्हा कसला राग मॅडम, खाली पोरं असतात ना!"

म्हणजे कळ सोसून थांबणं याला जमतं. मग वर्गात काय झालं? सरावात थर कोसळला, त्याचं खापर त्या मुलाने वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याच्यावर फोडलं. वर राग, खाली निव्वळ लाज. हे तोंडातून यायला बराच वेळ गेला. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. या वयात 'कळत कसं नाही तुला?' विचारून हाती काही लागत नाही.

मग दोघांना समोरासमोर बसवलं. अट एकच: आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगायचं, मग आपलं. दुसरा अडखळत म्हणाला, "वर माझा भाऊ होता. सातवीतला. मी जाम टरकलो होतो."

इथे माझं काम वाढलं. 14 वर्षांखालच्या मुलांना थरात घेणार नाही, अशी हमी राज्य सरकारने 2017 मध्येच उच्च न्यायालयात दिली आहे. दोघांना तसं सांगूनच मी त्याच्या वडिलांना बोलावलं. धाकट्याचा सराव थांबला.

थोरल्यांचा चालू आहे. दोघांची दोस्ती वगैरे झालेली नाही. ग्रुपवरचा तो मेसेज मात्र ज्याने टाकला त्यानेच, सगळ्यांसमोर, चूक म्हणून मान्य केला. आईला मी एवढंच सांगितलं: पथक बंद करू नका. पुढच्या वेळी 'सुरुवात कोणी केली?' विचारण्याआधी 'तुला काय लागलं?' विचारा, आणि उत्तर येईपर्यंत टीव्ही बंद ठेवा.