इपॉक्सी चिकट राहतंय? आधी बाटलीवरचं प्रमाण वजनाचं की मापाचं ते बघा

ल्युअरवरचा इपॉक्सीचा कोट (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून बनणारा थर) चिकट राहतोय ही तुमची पोस्ट वाचली आणि माझे जुने ल्युअर, म्हणजे मासे पकडायची रंगवलेली खोटी आमिषं, आठवले. दोन दिवस झाले तरी कोट चिकट, बोट टेकवलं की ठसा, वर ल्युअरच्या डोळ्याजवळ बारीक खड्डे, अगदी हेच. कोट धरेपर्यंत ल्युअर मोटरवर फिरवत ठेवणं, धुळीपासून जपणं हे तुम्ही करतच असणार, ते सोडतो.

आधी नखाने दाबून बघा. खाली कडक आणि वर नुसता मेणचट थर असेल तर तो दमट हवेमुळे आलाय, कोमट पाण्याने पुसला की जातो. पण नख रुतत असेल तर एकदा उबदार जागी दोनेक दिवस ठेवा (थंडीत इपॉक्सी फार हळू धरतं), तरीही मऊच राहिलं तर प्रमाण चुकलंय, नाहीतर ढवळणं कमी पडलंय, मग कितीही थांबा.

मला सगळ्यात महाग पडला तो कंपनीचा हेल्पलाइन नंबर. बाटलीवर फक्त १:१ छापलेलं, वजनाने की मापाने काहीच नाही. विचारलं तर म्हणे कसंही घ्या, सारखंच. वजन करून घेतलं, कोट चिकट राहिला, परत फोन केला तर सल्ला काय, हार्डनर थोडं वाढवा! अहो, बऱ्याच ब्रँडमध्ये रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, म्हणजे समान वजन घेतलं की हार्डनर आधीच जास्त पडतं आणि हे अजून वाढवायला सांगतात. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनरच्या थेंबांनी धरण्याचा वेग कमीजास्त करता येतो, इपॉक्सीत नाही, इथे हार्डनर स्वतः रेझिनशी जोडलं जातं आणि उरलेलं तसंच मऊ राहतं. माल विकणाऱ्याला एवढंही माहीत नसावं याचा आजही राग येतो, कारण रंगवायला किती वेळ गेलेला असतो ते आपल्यालाच माहीत.

म्हणून लेबलवर स्पष्ट नसेल तर मी सुईविना सिरिंजनेच मोजा म्हणेन, दोन्हीला वेगळी. एकदा समान माप घेऊन दोन्हीचं वजन करा आणि तो आकडा बाटलीवर लिहून ठेवा, पुढे काटाही चालेल. एकूण ५ मिलीपेक्षा कमी बनवू नका, छोट्या मिश्रणात जराशी चूकही मोठी पडते. कडा आणि तळ खरवडत ढवळा, मग दुसऱ्या कपात ओतून परत ढवळा.

आत्ताचा मऊ कोट मात्र खरवडून काढावा लागेल, रंगही जाईल. वरून नवीन कोट मारून झाकतात काहीजण, मला पटत नाही, खालचा थर मऊच राहतो.

खड्डे बहुतेक बोटांच्या तेलामुळे किंवा सिलिकॉनमुळे, रंगानंतर ल्युअर हाताने धरू नका. बुडबुडे आले तर वेगळं कारण, लाकूड सील केलेलं नसतं आणि उष्णता दिली की छिद्रांतली हवा वर येते.

हे सगळं माझ्या अनुभवातलं, तुमचा ब्रँड वेगळा वागू शकतो. लेबलचा फोटो टाका, बघून सांगतो.