टॅब घेऊ की जुनाच मोबाइल रेटू?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, गिरगावात राहते. साडेसहा इंची मोबाइल पाच वर्षं वापरतेय, पण वाचताना डोळ्यांवर ताण येतो. मुलगा म्हणतो, छोटा टॅब घे आणि मोबाइल देऊन टाक. ई-पेपर, व्हॉट्सअ‍ॅप आणि लाइटबिल, एवढंच माझं काम. टॅबवर भागेल का?

बाई, मुलाचं अर्धंच ऐका. टॅब जरूर घ्या, मोबाइल मात्र देऊ नका.

पडद्याचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजतात, आणि मोबाइल असतो उंच नि अरुंद. त्यामुळे साडेसहा इंची मोबाइलचा पडदा भरतो साधारण १०० चौरस सेंटीमीटर आणि ८.७ इंची टॅबचा २१५ च्या आसपास. इंच दोनच वाढले, जागा दुपटीहून जास्त झाली. पण यात एक मेख आहे. स्वस्त टॅबचे पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे ठिपके, विरळ असतात. त्यावर १३४० बाय ८०० लिहिलं असेल तर इंचाला जेमतेम १८० पिक्सेल पडतात, फुल एचडी मोबाइलवर तेच ४०० च्या घरात असतात. इंग्रजी मजकूर तेवढ्यात निभावतो. मराठीत बारीक आकारातली जोडाक्षरं, रफार, उकार पुसट होतात. दुकानात विक्रेता झगमगीत व्हिडिओ लावून ठेवतो. तो बंद करायला सांगा, मराठी ई-पेपरातला एखादा लेख पडद्याच्या रुंदीइतका करा आणि ‘राष्ट्राध्यक्ष’सारखा शब्द डोळे बारीक न करता वाचता येतो का ते बघा. तेवढी परीक्षा पुरे.

लाइटबिलाचं मात्र वायफाय, म्हणजे बिनसिमच्या टॅबवर अडेल. यूपीआय सुरू करताना अ‍ॅप त्याच उपकरणातल्या सिमवरून, बँकेत नोंदवलेल्या नंबरावरून एसएमएस पाठवतं. सिमच नाही, तर गाडी तिथेच थांबते. वेबसाइटवरून नेट बँकिंगने भरलंत तरी ओटीपी मोबाइलवरच येणार. व्हॉट्सअ‍ॅपचा मुक्काम मोबाइलवर राहू द्या आणि टॅब त्याला जोडा. अशी चार उपकरणं जोडता येतात. मग टॅबवर आरामात वाचा, लिहा. फक्त मोबाइल कपाटात टाकून विसरू नका. त्यावर १४ दिवस व्हॉट्सअ‍ॅप उघडलंच नाही, तर टॅबवरचं आपोआप लॉग आउट होतं.

प्रश्न : भांडुप ते सीएसएमटी रोजचा प्रवास. लोकलमध्ये वाचायला आणि मालिका बघायला आठ इंची टॅब कसा?

बसायला मिळत असेल तर छान. पण सकाळी भांडुपला चढून बसायला मिळतं का, हे तुम्हीच सांगा! असा टॅब साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास रुंद आणि सव्वातीनशे ग्रॅमच्या घरात असतो. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हाताने एवढी रुंद वस्तू पेलायची, आणि घाटकोपरला मागून लोंढा आला की संपलंच. उभ्याच्या प्रवासाला मोबाइलच बरा. मोबाइलवर पास काढला असेल तर तो जवळ लागणारच, शिवाय तिकिटाचं अ‍ॅप जागा ओळखायला जीपीएस वापरतं आणि काही वायफाय टॅबमध्ये ते नसतंच.

प्रश्न : सिम घातलं की टॅबवरून साधा कॉल लागतो का?

आयपॅडवरून नाही, तिथे सिम फक्त इंटरनेटपुरतं. काही अँड्रॉइड टॅबवरून लागतो. ‘व्हॉइस कॉलिंग आहे का’ असं नेमकं विचारा. नुसतं ‘सिम चालतं’ या उत्तरावर पैसे काढू नका.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी बऱ्यापैकी महागातला मोबाइल घेतला. आता दुपारपर्यंत बॅटरी झोपते. परळला ऑफिसात चार्जर घेऊन बसतो. घरच्या वापरासाठी दहा हजारांत टॅब घेऊ की यावर खर्च करू?

बॅटरी बदला. चार वर्षांत ती पाचशेहून अधिक वेळा भरली-रिकामी झाली असेल, तिचा दम संपणं स्वाभाविक आहे. त्यात बाकीच्या मोबाइलचा काय दोष? आणि एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. स्वस्त टॅबमध्ये बहुधा ईएमएमसी जातीची साठवण असते, तुमच्या महाग मोबाइलमध्ये त्याहून कितीतरी वेगवान यूएफएस असण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे नवा कोरा टॅब अ‍ॅप उघडताना रेंगाळतो आणि जुना मोबाइल पटकन उघडतो.

आधी सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती दोनेक वर्षं मागे अडकली असेल, तर त्या मोबाइलवर बँकेचे व्यवहार नकोत, मग बॅटरीवरही फार खर्च करू नका. तारीख ताजी असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पहिली पसंती. लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या दुकानात करणार असाल तर समोर बसून करून घ्या, आणि पाण्यापासूनचं संरक्षण पूर्वीसारखं राहणार नाही हे धरून चाला. मागची पाठ फुगलेली दिसली, तर आजच वापर आणि चार्जिंग दोन्ही बंद करा.

प्रश्न : मालाडला ओळखीतून एक जुना टॅब मिळतोय. काय तपासू?

सिमवाला असेल तर सेटिंग्जमधून आयएमईआय, म्हणजे त्या उपकरणाचा ओळख क्रमांक काढा आणि इंग्रजी अक्षरांत केवायएम (KYM), मग जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. क्रमांक ब्लॉक केलेला असेल तर उत्तरात कळतं. वायफाय टॅबला आयएमईआयच नसतो, म्हणून तो चोरीचा आहे की नाही हे असं कळायचं नाही. मूळ बिल मागा. ओटीटीवर मालिका बघायच्या असतील तर ‘वाइडवाइन एल१’ आहे ना ते तपासा. वाइडवाइन म्हणजे व्हिडिओची चोरटी नक्कल रोखणारी व्यवस्था, एल१ ही तिची वरची पातळी. एल३ असेल तर पडदा कितीही चांगला असो, बऱ्याच अ‍ॅपवर चित्र धूसरच येतं.

आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याला त्याचं खातं तुमच्यासमोर काढायला लावा, टॅब रिसेट करून तुमच्या खात्याने सुरू करून बघा. ‘घरी गेलो की पासवर्ड पाठवतो’ म्हणाला, तर टॅब तिथल्या तिथे परत द्या.