चार महिने झाले, पण तो मला माझा वाटत नाही

"सगळे विचारतात, आता खूश ना? मी हो म्हणते. खरं तर मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही. तोही माझ्याकडे येत नाही, बाकी कुणाच्याही मांडीवर जाऊन बसतो. आमचा निर्णय चुकला का?"

मूल दत्तक घेऊन चार महिने झालेल्या, समुपदेशनासाठी आलेल्या एका आईचे हे शब्द. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा साडेतीन वर्षांचा, जन्मापासून संस्थेत वाढलेला. जरा मोठं मूल घरी आणलेल्या पालकांकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते, पण जवळजवळ नेहमीच दार लावून घेतल्यावर, हळू आवाजात.

चुकलं की नाही, हे लगेच सांगण्यात अर्थ नसतो. आधी घरातला दिवस कळावा लागतो. मुलाचं सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलं जातं आणि ते कोण करतं, हे या आईला कागदावर लिहायला सांगितलं. भरवणं आजीकडे, कारण तिच्या हातून तो पटकन जेवतो. आंघोळ आणि खेळ बाबांकडे. झोपवायला जो मोकळा असेल तो. आईच्या वाट्याला दात घासून घेणं, औषध पाजणं, नखं कापणं, बालवाडीत सोडून येणं आणि "हात लावू नकोस" म्हणणं. मुलाला नकोशी वाटणारी झाडून सगळी कामं तिच्याकडे! दोष कुणाचाच नव्हता, सगळे तिला मदत म्हणूनच करत होते.

आता तो कुणाच्याही मांडीवर जातो त्याबद्दल. पाहुण्यांना हे फार गोड वाटतं, "किती पटकन रुळला" म्हणतात. पण संस्थेत सांभाळणाऱ्या बायका पाळीनुसार बदलतात, काही काम सोडून जातात. तिथलं मूल शिकतं ते एवढंच, की समोर जो आहे त्याच्याकडे हसून बघायचं. हे प्रेम नव्हे, ही तग धरण्याची रीत आहे. खरी खूण वेगळीच असते: पडल्यावर, दुखल्यावर मूल कुणाकडे धावतं? हा मुलगा पडला की कुणाकडेच जात नव्हता. उठायचा आणि गप्प उभा राहायचा. रात्री जाग आली तरी न रडता, डोळे उघडे ठेवून पडून राहायचा. रडून कुणी येत नाही हे कळलेलं मूल रडणं सोडून देतं. "रात्रीचा अजिबात त्रास नाही हो," असं पालक कौतुकाने सांगतात, तेव्हा काळजी वाटते ती याचसाठी.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतर रुमानियातल्या संस्थांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. सहा महिन्यांहून जास्त काळ संस्थेत काढलेल्या मुलांत परक्यांशी अशी अतिसलगी जास्त दिसली, आणि काहींत ती पुढेही टिकली. सगळ्यांत मात्र नाही. त्या संस्थांची अवस्था फार भीषण होती, त्यामुळे ते चित्र प्रत्येक मुलावर चिकटवू नये. काळ महत्त्वाचा असतो, एवढं त्यातून घ्यावं.

मग घरच्यांना एकत्र बसवून सहा आठवड्यांपुरती कामांची अदलाबदल ठरवली. भरवणं, आंघोळ आणि झोपवणं फक्त आईकडे. आजीने स्वयंपाक आणि घर बघायचं. मुलाने तिच्याकडे काही मागितलं तर "चल, आईकडे मागू" म्हणत त्याला हाताला धरून न्यायचं. आजीला हे जड गेलं, आणि तिचं दुःख ऐकून घेण्यात एक अख्खी बैठक गेली. ती गरजेचीच होती, कारण आजीचं मन दुखावलेलं राहिलं असतं तर ही योजना आठवड्यात मोडली असती. दात आणि औषध बाबांकडे गेले. तो घरी आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात सुरू केलेली बालवाडी तूर्त थांबवली. पाहुण्यांनी त्याला उचलून घ्यायचं नाही.

रात्री आईची गादी त्याच्या शेजारी, हात लांब केला की पोचेल इतकी. डोळे उघडे दिसले की त्याने न मागताही "मी आहे" म्हणून हात ठेवायचा. उशीखाली खाऊ लपवण्यावरून रागवायचं नाही. त्याच्या हाताला येईल असा एक डबा ठेवायचा, तो कधीही उघडू द्यायचा आणि त्याच्यादेखत पुन्हा भरायचा. डबा रिकामा राहत नाही याची खात्री पटली की लपवणं आपोआप कमी होतं. त्याला बरेच आठवडे लागतात.

एक गोष्ट फसली. रोज दहा मिनिटं मांडीवर घेऊन, डोळ्यांत बघून गाणं म्हणायचं असं सुचवलं होतं. तो लाकडासारखा ताठ व्हायचा. समोरासमोरची जवळीक त्याला झेपत नव्हती. ते सोडून दोघांनी शेजारी बसून आरशात चेहरे करणं आणि आंघोळीनंतर हातापायांना तेल लावणं सुरू केलं. ते त्याने करू दिलं.

आईचं स्वतःचं काय, हा प्रश्न तेवढाच मोठा होता. सहा वर्षं वंध्यत्वाचे उपचार, ते थांबल्यावर महिन्याभरात दत्तकाचा अर्ज. न झालेल्या बाळासाठी रडायला तिला सवडच मिळाली नव्हती. दत्तक घेतल्यानंतर येणाऱ्या नैराश्याला अमेरिकेत दत्तकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या जून बाँड यांनी १९९५ मध्ये स्वतंत्र नाव दिलं. बाळंतपण झालेलं नसलं तरी थकवा, मोडलेली झोप आणि "आता आनंदी दिसायलाच हवं" हे ओझं माणसाला खाली ओढतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप उडणं, कशातच रस नसणं असेल, तर समुपदेशन पुरत नाही, मनोविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. मूल किंवा स्वतः नकोसं वाटू लागलं तर त्याच दिवशी. या आईला तिथे पाठवलं, उपचार सुरू झाले.

पाचव्या आठवड्यात तिचा घाबरून फोन आला. "आता तर जास्तच बिघडलं. मी बाथरूममध्ये गेले तरी दारावर हात आपटतो, रात्री तीनदा रडून उठतो."

ही बातमी चांगली होती, आणि तिला तसंच सांगितलं. रडलं तर कुणी येतं, यावर तो विश्वास ठेवू लागला होता, आणि ते कुणी म्हणजे ती होती. अशा वेळी दमलेले पालक "लाडावला" म्हणून मागे सरले, तर मुलाचं जुनं मत पक्कं होतं. म्हणून सहा आठवड्यांची मुदत बारापर्यंत वाढवली. आठवड्यातल्या दोन रात्री बाबा शेजारी झोपू लागले, कारण आईची झोपही भरून निघायला हवी होती.

तिसऱ्या महिन्यात तो जिन्यावरून घसरला. पायरीजवळच उभ्या असलेल्या आजीला ओलांडून स्वयंपाकघरात गेला आणि आईच्या पायावर रागाने दोन चापट्या मारून तिच्या साडीत तोंड खुपसून रडला. "माझा वाटतो का," असं विचारल्यावर ती म्हणाली, "रोज नाही. पण त्या दिवशी वाटला." बालवाडी पुढच्या महिन्यापासून, पहिला आठवडा रोज अर्धा तास आणि आई वर्गातच बसून, अशी सुरू करायचं ठरलं आहे.