पशुपालकांचे प्रश्न : भीमथडीची घोडी

प्रश्न : आपल्या राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो. ती जात आज शिल्लक आहे का? असेल तर कुठे पाहायला मिळेल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : शिल्लक आहे, आणि तुम्ही ती बहुधा पाहिलेलीही आहे. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे तांडे, बारामती, इंदापूर, फलटणकडून चाऱ्यासाठी बाहेर पडतात. मेंढरं घेऊन पुरुष रानातून येतात. बायका मात्र बिऱ्हाड घेऊन पुढच्या मुक्कामाला आधी निघतात. त्यांच्या हातातल्या दोराला जी बुटकी, भरीव अंगाची घोडी असते, तीच ही. पाठीवर भांडी, अंथरूण, वाघर (मेंढरांभोवती लावायची जाळी), डालग्यात कोंबड्या, आणि आदल्या रात्री जन्मलेलं एखादं कोकरू. रस्त्यावरून जाणारा माणूस तिच्याकडे दुसऱ्यांदा बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

भीमा, नीरा, माण या नद्यांच्या काठचा हा कोरडा मुलूख जुन्या काळापासून घोड्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध होता. अरबी घोडे चौल-दाभोळसारख्या बंदरांतून दख्खनमध्ये उतरत, ते सरदारांच्या पागेत, म्हणजे घोड्यांच्या तबेल्यात, जात. त्यांचं रक्त इथल्या काटक डोंगरी तट्टांत मिसळत गेलं आणि मराठ्यांच्या काळात ही जात घडली. बाजरी-ज्वारीच्या कडब्यावर आणि माळावरच्या गवतावर टिकणारं जनावर होतं ते. सैन्यामागे दाणावैरणीचे तांडे ओढायची गरज कमी झाली, की सैन्य किती मोकळं फिरतं ते 1728 साली पालखेडला दिसलं. निजामाच्या अवजड तोफखान्याला बाजीरावांनी जालना, बऱ्हाणपूर, गुजरातकडे फिरून फिरून दमवलं आणि शेवटी पाणी नसलेल्या जागी गाठलं. ही लढाई हलक्या घोडदळाची होती.

1818 साली पेशवाई संपली, पागा मोडल्या, शिलेदार शेतीकडे वळले. शिरूर तालुक्यातल्या आलेगाव पागा या गावाच्या नावात तेवढी खूण उरली आहे. घोडा सरदाराच्या दारातून गेला आणि मेंढपाळाकडे राहिला. त्यानंतर दोनशे वर्षं ही जात धनगरांनी सांभाळली, कुठल्याही अनुदानाशिवाय आणि कागदाशिवाय. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने 2023-24 मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया यांच्यानंतरची ही आठवी. ही नोंद व्हायला इतका उशीर का झाला, याचं सरळ उत्तर असं की आपण तिला गरिबाचं जनावर समजत होतो.

प्रश्न : अकलूजच्या बाजारात एकाने मला भीमथडी म्हणून घोडी दाखवली. खरी कशी ओळखायची? – एक शेतकरी, माढा

उत्तर : आधी कान बघा. मारवाडी आणि काठियावाडीचे कान आत वळून टोकाला टोक भिडवतात. भीमथडीचे कान सरळ असतात. उंची बेताची, साधारण बारा-तेरा मुठींच्या आसपास (एक मूठ म्हणजे चार इंच). छाती भरलेली, पाठ आखूड, पाय बारीक दिसले तरी हाडाला पक्के, खूर टणक. रंग बहुतेक वेळा कुमैत (तांबूस-तपकिरी), पण इतर रंगही सापडतात. पांढरा रंग किंवा पंचकल्याणी खुणा (चारही पाय आणि कपाळावर पांढरे डाग) यावरून जातीचा निवाडा होत नाही, आणि अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून तर नाहीच.

या खुणांपेक्षाही मी एका गोष्टीवर भर देईन. घोडी कुणाच्या वाड्यावरची, तिची आई कोण, वळू (पैदाशीचा घोडा) कुणाचा, हे विचारा. मेंढका तोंडी सांगेल, पण तीन पिढ्या मागे जाऊन सांगेल. ज्या विक्रेत्याला आईसुद्धा सांगता येत नाही, त्याच्या घोडीला भीमथडी म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका.

प्रश्न : माझ्याकडे दोन भीमथडी घोड्या आहेत. शिंगरू उंच निघालं तर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात चांगली किंमत येईल, म्हणून मारवाडी वळू लावावा असं मित्र म्हणतात. घरच्यांना भीती आहे की शिंगरू पोटात मोठं झालं तर घोडी विताना अडेल. काय करावं? – एक पशुपालक, दौंड

उत्तर : घरच्यांची भीती आधी दूर करतो. गर्भ किती वाढणार हे घोडीत बरंचसं आईचं शरीर ठरवतं. केंब्रिजमध्ये 1938 साली शायर या अवाढव्य आणि शेटलंड या चिमुकल्या जातीचा संकर करून हे दाखवलं गेलं. शेटलंड आईच्या पोटचं शिंगरू जन्मताना लहानच होतं. त्यामुळे वळू मोठा म्हणून घोडी हमखास अडेल असं नाही.

तरीही मारवाडी वळू लावू नका, असंच मी कळकळीने सांगेन. मारवाडी देखणी जात आहे, तिच्याबद्दल माझा काहीच आक्षेप नाही. पण तुमच्या दोन घोड्या आयुष्यात मोजकीच शिंगरं देणार. गाभणकाळच अकरा महिन्यांचा. त्यातली दोन-तीन वर्षं संकरात गेली, तर तेवढ्या शुद्ध माद्या कायमच्या कमी झाल्या. संकरित शिंगरू पुढे लांब पायांचं होतं, त्याला रोज चंदी (दाणा) लागते, आणि ती परवडेनाशी झाली की तेही विकलं जातं. वाड्यावरची बाई एकटीने बिऱ्हाड उचलून घोडीवर चढवते. तिच्या खांद्यापेक्षा घोडीची पाठ वर गेली, तर ती घोडी तिच्या काय कामाची? हा बुटकेपणा दोष मानून आपण घालवायला निघालो आहोत, आणि त्याच्यावरच धनगरांचं फिरणं उभं आहे.

मला जास्त काळजी वळूंची आहे. नर शिंगरू लवकर विकलं जातं, मग चांगला वळू आसपास उरत नाही आणि भावाबहिणीतच पैदास होते. तुमच्या भागातल्या तीन-चार मेंढपाळांनी मिळून दुसऱ्या टापूतला एक वळू ठेवा आणि दर काही वर्षांनी बदला. कुणाची घोडी, कोणत्या वळूला, कधी दाखवली, एवढं वहीत लिहा. घोडी व्यायल्यावर साधारण आठवड्या-दीड आठवड्यात पुन्हा माजावर येते, पण ती अशक्त असेल तर तो माज सोडून द्या. पुढचा तीन आठवड्यांनी येईलच.

प्रश्न : शेजारच्या पोल्ट्रीतलं उरलेलं खाद्य घोडीला दिलं तर चालेल का? – एक वाचक, बारामती

उत्तर : मुळीच नाही. कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असू शकतात. कोंबडीला चालणारी मात्रा घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करते आणि त्यावर उतारा नाही. बुरशी धरलेला मकाही देऊ नका, त्याने मेंदूला इजा होते. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून पोटात गेलेलं वाईट बाहेर काढायचा मार्गच नसतो. पोटशूळ उठला, घोडी लोळायला लागली, वळून कुशीकडे बघायला लागली, तर घरगुती काढे पाजत बसू नका, लगेच डॉक्टरला बोलवा. धनुर्वाताची लस मात्र आत्ताच टोचून घ्या. खुरात खिळा-काटा गेल्यावर घोड्याला हा आजार फार पटकन जडतो, आणि लस तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारली तर मिळवून देतात.