इंदूरला बीएससी नर्सिंग झालं, पुढच्या महिन्यात पहिली नोकरी. वॉर्डात हात थरथरले तर?

अगं, थरथरतीलच. माझेही थरथरले होते. कॉलेजात मागे मॅडम उभ्या असायच्या. इथे रात्री दोन वाजता सगळा वॉर्ड तुझ्याकडे बघतो.

मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलची नोंदणी हातात आल्याशिवाय रुजू होऊ नकोस.

खिशात वही ठेव. ड्यूटी घेताना खाटेनुसार औषध, वेळ, सलाईन किती उरलं, सगळं लिही. अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, तीनदा वाच: उचलताना, भरताना, टाकून देण्याआधी. पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत कधीच नाही, सलाईनमध्ये मिसळून सावकाश. शंका आली की सीनियर सिस्टरला खुशाल उठव, रागावल्या तरी चालेल.

आणि घरी आपण मराठी बोलत असलो, तरी माळवा-निमाडच्या खेड्यांतून आलेल्या आजीबाईंना दुखणं त्यांच्याच बोलीत विचार. त्या हात घट्ट धरतात.